ढिगावरची शाल

प्रल्हादभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या गेटवर एका ट्रॅक्टरवाल्याशी भांडत होते. कापसाची पऱ्हाटी ओली आणलीस, वर पाणी मारलंस, मला काय येडी समजतोस का, असं माझं चाललेलं. फोन सुलभाचा होता, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा. तो कानाला लावतानाही मी त्या ट्रॅक्टरवाल्याला बोटानं खुणावलं, थांब, जाऊ नकोस, तुझं अजून संपलेलं नाही. सुलभा रडत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "ताई, हे उठत नाहीत." मला वाटलं झोपेतून उठत नाहीत. मी म्हटलं, "मग झोपू दे की गं, रविवार आहे." ...हे माझं उत्तर. दीर गेल्याची बातमी सांगणाऱ्या बाईला मी हे उत्तर दिलं. भाऊजी हर्सूल तलावाकडून फिरून आले होते, पोर्चमधल्या खुर्चीत बसले, आज जरा साखर टाक म्हणाले, आणि सुलभा साखरेचा चहा घेऊन येईपर्यंत गेले. ट्रॅक्टरवाला मात्र मी बोट वर केलं होतं म्हणून तिथंच उभा राहिला. मी गाडीत बसून निघाले तरी तो हलला नव्हता, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

आदल्या संध्याकाळी आमचं भांडण झालं होतं, आणि तेच आमचं शेवटचं बोलणं. भांडण एका ढिगावरून होतं. तो ढीग कसला ते पुढं येईलच. ते कारखान्यातल्या त्यांच्या ऑफिसच्या खोलीच्या दारात उभे होते आणि मी पर्स उचलून निघाले होते. ते म्हणाले, "वहिनी, मी असो नसो, ढिगाला हात लावायचा नाही." मी म्हटलं, "बरं बरं." तर म्हणे, "परत म्हणा बघू." ही त्यांची सवय. कारखाना सुरू झाला त्या काळात एकदा पऱ्हाटी कापायचा कटर बंद करून आत अडकलेली काडी काढत असलेल्या माणसाचा हात थोडक्यात वाचला. कुणीतरी काहीतरी ओरडलं, कुणाला तरी भलतंच कळलं, आणि बटण दाबलं गेलं. तेव्हापासून भाऊजी कुणालाही काम सांगितलं की त्याच्याकडून ते परत म्हणवून घ्यायचे. इंजिनिअर असो, ड्रायव्हर असो, बँकेचा साहेब असो, सगळ्यांना 'परत म्हणा बघू'. मला मात्र त्यांनी कधी असं म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा म्हणाले, आणि माझं डोकं फिरलं. "मी काय शाळेत आहे का तुमच्या?" असं म्हणून मी जिना उतरले.

या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा अपेक्षा अशी होती की स्वच्छ ऊर्जेचा ध्यास घेतलेला उद्योजक, ग्रामीण भागातला पर्यावरणरक्षक, वगैरे मी लिहीन. ते सगळं खरं आहे, आणि ते लिहिणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. मला जे माहीत आहे तेच मी लिहिते.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी कॉलेजात होते. आमच्या ह्यांची लासूर स्टेशनला जिनिंग होती. दिवसभर कापूस आणि सरकी, घरात पाहावं तिथं रुईचे तंतू, अगदी वरणातसुद्धा. भाऊजी सुट्टीला आले की जिनिंगच्या गच्चीवर जाऊन बसायचे. संक्रांतीनंतर कापसाची वेचणी संपली की आमच्याकडं शेतं मोकळी करायची घाई असते. उभ्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायच्या आणि बांधाला लावून पेटवून द्यायच्या. गच्चीवरून पाहिलं की चहूकडं धूर दिसायचा. एकदा ते खाली येऊन मला म्हणाले, "वहिनी, बघा, आपण कारखान्यांसाठी रेल्वेनं कोळसा आणतो आणि इथं आपलं जळण फुकट जाळतो. काय डोकं आहे आपल्याला!" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "तुम्हाला आहे ना डोकं, मग लावा." मी चिडवायला म्हटलं होतं, पण त्यांनी ते खरंच मनावर घेतलं.

पुढं आमचे हे अचानक गेले. जिनिंग चालवायला मी आणि भाऊजी दोघंच उरलो. माणसं आणि माल मी बघायचे, यंत्रं ते. जिनिंगच्या मागच्या जागेत त्यांनी पांढऱ्या कोळशाचं पहिलं यंत्र बसवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पऱ्हाटीचे तुकडे करायचे, भुगा करायचा, वाळवायचा आणि दाबून त्याचे मनगटाएवढे जाड ओंडके पाडायचे, हा पांढरा कोळसा. पांढरा वगैरे काही नसतो, चांगला तपकिरी असतो. बॉयलरमध्ये दगडी कोळशाच्या जागी चालतो. सुरुवातीला तो चालत नव्हता, ते वेगळं. भुगा ओला राहिला की ओंडके यंत्रातून बाहेर येता येताच ढेपाळायचे, आणि फार वाळला की आत पेट घ्यायचा. एकदा अख्खी शेड पेटली. शेजारच्या विहिरीवरून पाणी आणून ती विझवली, आणि भाऊजी काळ्या तोंडानं माझ्यापुढं येऊन म्हणाले, "म्हणजे जळतो तर छान." असा माणूस. मी हसावं की रडावं! वाळूजच्या कारखानदारांकडं ते पिशवीत ओंडके घेऊन फिरायचे, भाजीवाल्यासारखे. एकानं घेतला, मग दुसऱ्यानं, मग बिस्किटवाल्यांनी, औषधवाल्यांनी. बऱ्याच वर्षांनी एक वेळ अशी आली की आमच्याकडं मागणी जास्त आणि पऱ्हाटी कमी. शेतकरी आता पेटवत नव्हते, आमच्या गाडीची वाट बघत होते.

मग सत्कार सुरू झाले. प्रदूषण कमी केलं म्हणून, शेतकऱ्यांना जोडधंदा दिला म्हणून, हवा स्वच्छ ठेवली म्हणून. मुंबई, पुणे, दिल्ली, झालंच तर आपल्या शहरातली दर दोन गल्ल्यांमागे एक संस्था. प्रत्येक ठिकाणी शाल आणि श्रीफळ. नारळांच्या वड्या करून करून सुलभा कंटाळली, पण शालींचं काय करायचं? त्या शाली ना थंडीला उपयोगी ना पांघरायला, नुसती चमचम. त्यांच्या ऑफिसच्या खोलीत एक लोखंडी कपाट त्या शालींनीच भरलं. मी म्हणायचे, "भाऊजी, दुकान टाका आता शालींचं." त्यांना आवडायचे सत्कार, खोटं कशाला सांगू. स्टेजवर जाताना शर्टाची कॉलर नीट करायचे. भाषणात एक वाक्य ठरलेलं असायचं, "जे राख होत होतं त्याचं आम्ही सोनं केलं." टाळ्या पडायच्या. मीही टाळ्या वाजवायचे, मला अभिमान होता.

आणि मग गावचा सत्कार झाला. आमचं मूळ गाव लासूर स्टेशनपासून आत आहे. दिल्लीचा मोठा सन्मान मिळाल्यावर गावानं म्हटलं, आमच्या पोराचा सत्कार आम्ही करणार. शाळेच्या पटांगणात मांडव, हलगी, फेटा, सगळं यथासांग झालं. कार्यक्रम संपल्यावर भाऊजी म्हणाले, नूरआपाकडं जाऊन येऊ. नूरआपा म्हणजे आमच्या जुन्या घराच्या शेजारची. भाऊजी रांगत होते तेव्हा ती लहान पोर, त्यांना कडेवर घेऊन गावभर हिंडायची. आता म्हातारी, एकटी, कुडाच्या दोन खोल्या, शेतीवाडी नाही, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचलेला. फेटा तसाच, अंगावर शाल तशीच, भाऊजी वाकून आत शिरले. आपा म्हणाली, "या अल्ला, नवरदेव आला का काय!" आम्ही सगळे हसलो. चहा नको नको म्हणत असताना तिनं चुलीवर भांडं ठेवलं. मी जवळच बसले होते, त्यामुळं मला आधी दिसलं. तिनं चुलीत एक तुटकी रबरी चप्पल घातली, वर प्लास्टिकच्या पिशव्यांचा बोळा, आणि काडी लावली.

काळा धूर झाला. भाऊजींना ठसका लागला. कोपऱ्यात गॅसची टाकी होती, तिच्यावर भरतकाम केलेलं कापड. ते म्हणाले, "आपा, गॅस आहे ना?" "हाय की. रिकामा हाय. शोभेला ठेवला." "मग हे असलं काय जाळतेस? विषारी असतं हे. पऱ्हाटी नाही का?" आपानं त्यांच्याकडं अशी मान वळवली जणू पोरानं काहीतरी गंमत केली. म्हणाली, "अरे बाबा, पऱ्हाटी आता कुठली? तुझ्याच गाडीत जाती की समदी." आणि हसली. खरंच हसली, टोमणा नव्हता तो. कौतुकानं म्हणाली, "पूर्वी आमी वेचणी झाली की मालकाची पऱ्हाटी उपटून द्यायचो, आन् उपटंल तेवढी आपली, डोक्यावर घेऊन घरी. वरीसभराची चूल निघायची. आता मालक म्हनतो, हात लावू नगा, गाडी येनार हाय. बरोबरच हाय ना त्याचं. चांगलं झालं शेतकऱ्याचं. घे, चहा घे."

तो चहा आम्ही प्यालो. रबराचा वास होता त्याला, अगदी घशापर्यंत. भाऊजींनी कप पुरा रिकामा केला, बशीत सांडलेलाही प्यायले. तोपर्यंत त्यांनी फेटा कधी काढून मांडीवर घेतला ते मला कळलं नाही.

गाडी लासूरच्या वाटेला लागली. मी आपली समजूत घालत होते, म्हटलं, एका घरचं पाहून काय होतं, बाकीच्यांकडं गॅस असेलच की. ते म्हणाले, "वहिनी, जे राख होत होतं असं मी म्हणत होतो ना... ते सगळं राख होत नव्हतं. बांधावर जळायचं ते उरलेलं असायचं. आधीचं या बायका न्यायच्या. मी गच्चीवरून धूर बघितला, चुली कुठं दिसतात गच्चीवरून." त्यानंतर ते वाक्य त्यांनी कुठल्याच भाषणात म्हटलं नाही. सत्कारांना जाणं सुटलं नाही, कारण ग्राहक यायचे तिथं, पण कॉलर नीट करणं सुटलं. दिसायचं मला.

पहिला उपाय त्यांनी केला तो अगदी त्यांच्यासारखा. पांढऱ्या कोळशाची पोती भरून गावात पाठवली, फुकट. बायकांनी ठेवून घेतली. काही दिवसांनी आम्ही पाहायला गेलो तर नूरआपानं त्या ओंडक्यांवर पाण्याचा रांजण मांडलेला! "लई चांगलं हाय रे, हलत नाय बघ." बॉयलरला चालणारा तो ओंडका साध्या चुलीत पेटतच नव्हता. पेटवायला आधी पऱ्हाटीच लागायची. भाऊजी त्या रांजणापुढं उकिडवे बसून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं... निदान मला तेव्हा वाटलं की हसून आलं.

मग त्यांनी ढिगाचा नियम काढला. आमची माणसं रानातली पऱ्हाटी उपटून ढीग लावतात आणि मागून गाडी येऊन ते उचलते. भाऊजींनी ठरवलं की प्रत्येक रानातला गावाकडच्या अंगाचा एक ढीग उचलायचा नाही. शेतकऱ्याला त्याचा मोबदला द्यायचा आणि ढीग बिनजमिनीच्या बायकांसाठी सोडायचा. पण गाडीवाल्यांना कळणार कसं कुठला सोडायचा? तर यांनी कपाट उघडलं आणि सत्काराच्या शाली कात्रीनं टराटरा कापून पट्ट्या केल्या. भगव्या, लाल, जरीकाठाच्या. ढिगात एक काडी उभी खोचायची आणि तिला पट्टी बांधायची. लांबून चमकायची. मला धक्काच बसला. "अहो, ती दिल्लीची शाल आहे!" तर म्हणे, "मग चांगली टिकेल." गावागावातल्या बायका त्याला शालीचा ढीग म्हणू लागल्या. मोसम आला की भाऊजी स्वतः गाडीत कात्री आणि पट्ट्या घेऊन रानोमाळ हिंडायचे. सूट घालून ज्याला स्टेजवर नेतात तो माणूस ढेकळांत उभा राहून काडीला गाठ मारतोय, हे मी पुष्कळदा पाहिलं.

आणि मी भांडायचे. दर वर्षी भांडायचे. आधीच माल पुरत नाही, पावसाळ्याआधी यार्ड भरला नाही तर ग्राहक पुन्हा दगडी कोळशावर जातील, मग तुमची स्वच्छ ऊर्जा कुठं राहील? आपण कारखाना काढलाय की अन्नछत्र? असं मी बोलायचे, सगळ्यांदेखत बोलायचे, आमचे मुकादम शेषराव तिथं उभे असताना बोलायचे. भाऊजी ऐकून घ्यायचे. "वहिनी, तुमचं बरोबर आहे," म्हणायचे आणि पट्टी कापायला घ्यायचे. या वर्षी माल फारच कमी होता, म्हणून मी त्या शनिवारी जास्तच बोलले. त्याच संध्याकाळी ते म्हणाले, मी असो नसो.

ते गेल्यावर घरात सतरंजी घातली होती. माणसांची रीघ. मोठमोठ्या गाड्या हर्सूलच्या आमच्या गल्लीत मावत नव्हत्या. मी सुलभाजवळ बसलेली. अशात शेषराव मुकादम दाराशी आले, टोपी हातात, आणि हळूच म्हणाले, "ताई, गाड्या रानात हायेत. ते पट्टीवाले ढीग... औंदा तसंबी माल..." मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "शेषराव, घरात सुतक आहे, कळतं का काही? तुमचं तुम्ही बघा ना. सगळं मलाच विचारणार का?" ते 'बरं' म्हणून गेले. त्यांना काय विचारायचं होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं का? मी हे स्वतःला रोज विचारते. कधी वाटतं, खरंच नव्हतं कळलं, डोकं ठिकाणावर होतं का माझं? आणि कधी वाटतं, कळलं होतं, आणि उत्तर न देणं मला सोयीचं होतं. देवाशप्पथ, मला सांगता येत नाही. त्या दिवसांत आमच्या सगळ्या गाड्यांच्या तोंडावर ट्रान्सपोर्टवाल्यांनी फ्लेक्स लावले होते. फेटा बांधलेले भाऊजी, खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

तेरावं झालं. आपल्याच शहरातल्या एका संस्थेनं भाऊजींना मरणोत्तर गौरव जाहीर केला आणि तो घ्यायला मी गेले. सुलभाला जाववलं नाही. मोठं हॉटेल, थंडगार हॉल. माझ्या खांद्यावर शाल घातली, मरून रंगाची, जरीची. दोन शब्द बोला म्हणाले. मी काय बोलले असेन? मी शालीच्या ढिगाची गोष्ट सांगितली. नूरआपाचा चहा, रांजण, कात्री, सगळं सांगितलं. लोक हसले, मग डोळे पुसले, आणि शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "हे तुम्ही पुढं चालू ठेवलंत हे फार मोठं आहे." मी मान डोलावली. घरी येताना शाल मांडीवर होती आणि मला चक्क बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कटर बंद पडला. दांड्याला काहीतरी गुंडाळलं गेलं होतं. मेकॅनिकनं ते सुऱ्यानं कापून कापून काढलं आणि 'ताई, हे बघा काय आलं' म्हणून माझ्यापुढं धरलं. कापडाचा बोळा होता, काळा, तेलकट. मी तो उलगडला. आत भगवा रंग, आणि काठाला जर. मी यार्डाकडं पाहिलं. पऱ्हाटीचा डोंगर यंदा कधी नव्हे एवढा उंच होता, आणि मला इतके दिवस तो बघून समाधान वाटत होतं.

शेषरावांना बोलावलं. ओरडायचं ठरवून बोलावलं होतं. ते म्हणाले, "ताई, तुमाला इचारलं की मी." मी म्हटलं, "मी उचला म्हणाले का?" "तसं नाय म्हनाल्या. पन तुमीच तर दरसाल म्हनायच्या, ढीग बंद करा. मला वाटलं, साहेब हुते तवर त्यांचं चाललं. आता तुमाला जे पायजे ते करावं. तुमी दुखात हुत्या, परत परत कशाला इचारायचं." त्या माणसानं मला खूश करायला हे केलं होतं. कुणावर ओरडणार?

बरंच काही कापून, दाबून, बॉयलरांत जाऊन जळालं होतं. जे यार्डात उरलं होतं त्यातलं मी गाड्यांत भरायला लावलं. वाळूजवरून दोन फोन आले, माल कधी येतोय म्हणून, मी म्हटलं उशीर होईल. पहिल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी मी बसले आणि आमच्या गावाला निघाले. मनात म्हणत होते, निदान बायकांना बरं वाटेल, गाडी परत आलेली बघून.

गावाच्या तोंडाशी आमची गाडी दिसली आणि एक बाई अंगणातून झटकन उठली. तिनं कुडाला टेकवून ठेवलेल्या थोड्याशा काड्या कवेत घेतल्या आणि आत गेली. पलीकडच्या घरातली बाईही तसंच करताना दिसली. एका पोरीनं शेळीच्या दावणीजवळची काटकी ओढत ओढत दारामागं नेली. मला क्षणभर कळेना काय चाललंय. मग कळलं. त्यांनी गाडी ओळखली होती. गाडीच्या तोंडावर फेटा बांधलेले भाऊजी हसत होते, आणि त्यांना बघून बायका आपापली काटकी घरात लपवत होत्या.

मी नूरआपाकडं गेले. ती भाऊजींना भेटायला, शेवटचं बघायला आली नव्हती आणि त्याचा मला राग होता, तोही मी बरोबर घेऊन गेले होते. तिनं मला जवळ बसवलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ती रडली. तिला न्यायला कुणी गाडी पाठवली नव्हती, एवढं साधं कारण होतं. आजवर भाऊजींच्या घरचं काहीही असलं की ते स्वतः गाडी पाठवायचे. मला सुचलंच नाही. मी म्हटलं, "आपा, ढीग आमच्या माणसांनी उचलले. चूक झाली. माझी झाली." ती म्हणाली, "चूक कसली बाई. आमी रानात गेलो हुतो, पट्टी सुद्धा नेलेली. मी बायांना म्हनलं, गप बसा, त्याची जबान हुती, तो गेला, जबान बी गेली. कंपनीला काय म्हनून बोलायचं." मग ती उठली, खाटेखालून हात घालून चार काड्या काढल्या. चांगल्या जुन्या, वाळलेल्या पऱ्हाट्या. "ह्या गेल्या सालच्या. त्याच्या ढिगातल्या. त्याच्या घरचं कुनी आलं तर चहाला असाव्या म्हनून ठेवल्या हुत्या." मी नको नको म्हणत होते, गाडीभर आणलीय म्हणत होते, पण तिनं त्या मोडून चुलीत घातल्या. बाहेर गाडी उभी होती. शेवटच्या चार काड्यांवर तिनं माझा चहा केला.

चहाला कसलाही वास नव्हता. मी तो पिऊ शकले नाही आणि टाकूही शकले नाही. कप हातात धरून बसले, तो गार झाला, मग एका घोटात संपवला.

बाहेर पऱ्हाटी उतरवली. बायका हळूहळू जवळ आल्या. आपानं विचारलं, "पट्टी?" मी पर्समधून कात्री काढली. भाऊजींचीच, त्यांच्या खोलीतल्या खिळ्यावरची, निघताना उचलली होती. सत्काराची ती मरून रंगाची शालही बरोबर आणली होती, ती कापली. मला गाठ नीट मारता येईना, शेवटी आपानंच मारली. गाडी निघायच्या आधी मी फ्लेक्स स्वतःच्या हातानं सोडवला. ड्रायव्हर म्हणाला, "राहू द्या ना ताई, साहेबांचा फोटो हाय." म्हणूनच काढला.

तो फ्लेक्स आता त्यांच्या खोलीत दारामागं गुंडाळून ठेवलाय. सुलभा म्हणते, घरी आणा, त्यातला फोटो चांगला आलाय. मी हो म्हणते आणि आणत नाही. कात्री परत खिळ्याला लावलीय. कपाटात शाली अजून आहेत. शेषरावांना बोलावून सांगितलं, पुढच्या मोसमापासून पट्टीवाला ढीग उचलायचा नाही, आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं. ते मुकाट म्हणाले. ते गेल्यावर खोलीत मी एकटीच उरले. दार तेच, ज्यात उभे राहून भाऊजींनी त्या संध्याकाळी मला परत म्हणायला सांगितलं होतं आणि मी ते न म्हणताच जिना उतरले होते... मी दाराकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हटलं, "ढिगाला हात लावायचा नाही." खाली कटर चालू होता. मला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून परत म्हटलं.